कापलेल्या कडा

पुस्तक बांधून झालं की त्याच्या तीन कडा कापायच्या. वरची, खालची आणि समोरची. चौथी शिलाईची, तिला हात लावायचा नाही. पन्नास वर्षं मी पुण्यात हेच केलं, आणि कड वाकडी म्हणून एकाही गिऱ्हाइकाने पुस्तक परत आणलं नाही. ही बढाई आहे, असू दे. पुढे जे लिहिणार आहे त्यातही माझा हात चुकला नव्हता, सरळ चालला होता.

मी एका माणसाचे चाळीस वर्षं जपलेले कागद कापले. तो माझ्या मुलाचा नवरा होता. हा शब्द लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो. त्याला जावई म्हणायला मी फार उशिरा लागलो, पण इथे पहिल्यापासून तेच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

माझी बायको वारली तेव्हा आम्ही पेपरात बातमी दिली. खाली शोकाकुल म्हणून नावं: मी, मुलगा, धाकटा भाऊ, भावजय, पुतणे. मुलाने कॅनडाहून फोनवर विचारलं, “बाबा, त्याचं नाव?”

“कुणाचं?”

“तुम्हाला माहितीय कुणाचं.”

“जागा नाही,” मी म्हणालो. “आणि एकटाच ये.”

तो एकटाच आला. विचारणाऱ्यांना मी सांगत होतो, कामाचा फार ताण, लग्नाचं राहूनच गेलं त्याचं. तेव्हा त्या दोघांच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती. बायकोला सगळं ठाऊक होतं. दर रविवारी ती व्हिडिओवर दोघांशी बोलायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, जावयाला मराठी येत नव्हतं, तरी अर्धा अर्धा तास. ती मेथी निवडताना दाखवायची, तो खिडकीतला बर्फ दाखवायचा. मी त्या वेळी चपला घालून बाहेर जायचो.

ती गेल्यावर मुलाने मला लव्हालला आणलं. मॉन्ट्रियलला लागूनच आहे. मुलगा तिकडे विमानांच्या कारखान्यात इंजिनियर. जावई मूळचा अमेरिकेचा, शाळेत शिकवून रिटायर झालेला. मी एकोणऐंशीचा, तो अडुसष्टचा, मुलगा एक्कावन्नचा. माझ्या धाकट्या भावापेक्षा मोठा माणूस मला ‘बाबा’ म्हणतो, हे माझ्या कानाला खुपायचं. त्याला मराठीचे तीन शब्द येत होते. बाबा, चहा आणि पुरे. पुरे हा तो माझ्याकडून शिकला, कारण तो किटली घेऊन आला की कपावर हात ठेवून मी तेवढंच बोलायचो.

पहिलं वर्षभर मी त्याच्याशी थेट बोललोच नाही. समोर बसलेला असला तरी मुलाला म्हणायचो, “त्याला सांग टीव्ही बारीक करायला.”

“बाबा, तो इथेच बसलाय.”

“मग इथेच सांग.”

जावई हसायचा आणि कुणी सांगायच्या आधी टीव्ही बारीक करायचा.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडाला त्याच्या डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, बर्फ वितळेपर्यंत काढेल. आठवण हळूहळू जाईल, शब्द मागेपुढे होतील. त्यानंतर त्याने बेसमेंटमधली खोकी उघडायला घेतली. अमेरिकेत तो जिथे वाढला त्या शहरातलं एक संग्रहालय ती खोकी न्यायला तयार होतं. वसंतात त्यांचा माणूस येणार होता. तोवर ती नीट लावून ठेवायची, एवढंच त्याला करून जायचं होतं. औषधाच्या वेळा तो विसरायचा, खोकी विसरायचा नाही.

एके दिवशी मी खाली कपडे वाळत घालायला गेलो तर तो फरशीवर बसलेला, भोवती कागदच कागद. मुलगा बाजूला. मी बघायला थांबलो. कागद म्हटलं की मी थांबतोच. टाइप केलेली, ऑफिसच्या मशीनवर चोरून कॉपी काढलेली पातळ मासिकं होती. आकार एकसारखा नाही, छपाई तिरकी, आणि पिना अशा मारलेल्या की बघवेना.

मी मुलाला म्हणालो, “ह्या पिना मारल्यात कुणी? हा बाइंडर नाही, खाटीक.”

मुलाने इंग्रजीत सांगितलं. जावई इतका हसला की त्याला खोकला लागला. छातीवर बोट ठेवून म्हणाला, मीच तो खाटीक.

मग त्याने सांगितलं आणि मुलाने मराठीत करून दिलं. चाळीसेक वर्षांपूर्वी त्याच्या शहरात त्याच्यासारख्या माणसांच्या गोष्टी, कविता कुणी छापत नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतः छापल्या. नोकरीवर कळलं तर नोकरी जायची, घरमालकाला कळलं तर खोली जायची, म्हणून लिहिणाऱ्याचं खरं नाव नाही. मग तो रोग आला, एड्स. माणसं तिशीत मरायला लागली. घरचे पेपरात छापायचे, अल्पशा आजाराने. कुठल्या आजाराने ते नाही, आणि ज्याच्याबरोबर दहा वर्षं संसार केला त्याचं नाव तर नाहीच. मग ह्यांच्या मासिकाची शेवटची पानं गेलेल्यांच्या नावांनी भरायला लागली. तिथे मात्र खरी नावं. मेल्यावर कोण नोकरीवरून काढणार.

तेव्हा जावयाबरोबर राहणारा एक होता. दोघं मिळून मासिक काढायचे. तोही त्यातच गेला. दवाखान्यात जावयाला आत सोडलं नाही, म्हणाले तू कोण लागतोस? त्या माणसाचे आईबाप आले, प्रेत घेऊन गेले, कुठे पुरलं तेही जावयाला कधी कळलं नाही.

मी “हं” म्हणालो.

मुलगा ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला वर गेला. मी निघणार तर जावयाने माझी बाही धरली. शेवटचं पान उघडून नावांच्या बाजूचा मोकळा समास अंगठ्याने दाखवला. तिथे फिकट पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. तो इंग्रजीत बोलत राहिला, बराच वेळ. मी मान हलवली. त्याने विचारल्यासारखं काहीतरी म्हटलं. मी पुन्हा हो म्हणून मान हलवली.

मी चौथीपर्यंत शिकलो. इंग्रजी अक्षरं ओळखतो, कारण पान उलटं लागू नये म्हणून बाइंडरला ती शिकावी लागतात. वाचता येत नाही. हे मी घरात कधी कबूल केलं नव्हतं. ग्रोसरीला गेलो तर डबा हातात धरून वाचल्यासारखं करायचो. इथे एका बाजूला फ्रेंच असतं, एका बाजूला इंग्रजी. मी दोन्ही बाजू वाचायचो.

जानेवारीत जावयाला चार दिवस दवाखान्यात ठेवलं. मुलगा सकाळी जायचा, रात्री येऊन कपड्यानिशी झोपायचा. घरात मी आणि ती खोकी. मी विचार केला, मरणाऱ्या माणसाची आयुष्यभराची वस्तू रद्दीसारखी जाणार. ते संग्रहालयवाले काय म्हणतील? ह्या घरात एक बाइंडर बसून खातोय आणि कागदांची ही दशा. आणि दुसरंही एक मनात होतं. त्याने धरलेली बाही माझ्या हातावर चिकटून राहिल्यासारखी वाटत होती. तोंडाने मला काही बोलता येत नव्हतं, इंग्रजीतही नाही आणि मराठीतही नाही. हाताने येत होतं.

मैद्याची खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून खळीत घालायचं मोरचूद मिळालं नाही, लवंगेचं तेल घातलं. दोन फळ्या आणि चार क्लॅम्प लावून शिकंजा केला. पिना एकेक करून उपटल्या. बाहेर वजा पंचवीस होतं आणि मी बेसमेंटमध्ये बनियनवर, घाम गळतोय. वीस वर्षांनी हाताला काम मिळालं होतं. पुठ्ठ्यावर चढवायला कापड नव्हतं. दान करायच्या पिशवीत जावयाच्या जीन्स पडल्या होत्या, अंग इतकं झडलं होतं की कमरेवर राहत नव्हत्या. त्या उसवून इस्त्री केल्या. सहा खंड झाले.

मग कडा. पानं लहानमोठी, छपाई तिरकी. सरळ यायची तर समोरून दीड बोट कापावं लागणार होतं. पेन्सिलीचं लिखाण दिसत होतं मला. दिसलं नाही असं म्हणणार नाही. पुण्यात वाचनालयाची पुस्तकं दुरुस्तीला यायची, त्यांच्या समासात वाचकांनी गिरगटलेलं असायचं. ते कापून निघालं की ग्रंथपाल खूश व्हायचे. मी सुरा पाजळला, पट्टी लावली, कापलं. कड अशी आली की बोट फिरवावं.

कामाची जागा कातरणाने भरलेली सोडायची नाही, ही आमची शिस्त. सगळ्या पट्ट्या गोळा करून रिसायकलच्या निळ्या डब्यात भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि घेऊन गेली.

जावई घरी आला त्या दुपारी मी सहाही खंड जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले. त्याने आपल्या जीन्स ओळखल्या. एका पुठ्ठ्यावर खिसा तसाच ठेवला होता मी, त्यात बोट घालून हसला. “बाबा!” म्हणाला. मग उघडलं. पानं उलटत गेला. शेवटच्या पानांवर आला आणि थांबला. अंगठा कडेवरून खाली नेला, परत वर नेला. दुसरा खंड उघडला. तिसरा. मग मुलाकडे बघून अगदी हळू काहीतरी बोलला.

मुलगा म्हणाला, “बाबा, कडा कुठायत?”

“कसल्या कडा?”

“ह्या बाजूच्या. पेन्सिलीने लिहिलेलं होतं ते.”

“कापलं. कापायचंच असतं. त्याशिवाय पुस्तक होत नाही.”

“ते कुणी लिहिलं होतं माहितीय? त्याच्या पहिल्या जोडीदाराने. प्रत्येक नावासमोर. घरच्यांनी जे छापलं नाही ते सगळं. कोण शेवटपर्यंत जवळ बसलं, कुणाला आत सोडलं नाही, कशाने गेला. ते दुसरीकडे कुठेच नाही, बाबा. ते लोक ह्या मासिकांसाठी येत नाहीयेत, त्या समासासाठी येतायत.”

“मला कुणी सांगितलं होतं?”

“त्याने सांगितलं! तुमच्यासमोर बसून. आणि विचारलं, कळलं ना? तुम्ही मान हलवलीत.”

मी पुठ्ठ्यावरचा खिसा बोटाने सरळ करायला लागलो.

“एकदा म्हणाला असतात, मला वाचता येत नाही. एकदा. कोण हसणार होतं तुम्हाला?”

माझ्या मुलाने असा आवाज माझ्यावर कधी चढवला नव्हता. तरी मी उलट बोललो. म्हणालो, “माझ्या कामात चूक काढ आधी.” हे वाक्य मी बोललो आणि ते मला आजही ऐकू येतं.

खाली गेलो. वॉशिंग मशीनच्या मागे, फळीखाली, सगळीकडे झाडू फिरवला. सात पट्ट्या मिळाल्या. बाकी शेकडो गेल्या. त्या सात हातात धरून बसलो, आणि मला त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली. जावई कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. शेवटून तिसऱ्या पायरीवर बसला. मला वाटलं आता शिव्या देईल. त्याने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने कपाळावर बोट ठेवलं, लिहिल्याची खूण केली, आणि मुलाला हाक मारली. मुलाने सांगितलं, तो म्हणतोय मला बरंचसं पाठ आहे. दर वर्षी वाचायचो. लवकर करू या.

शिलाई मीच उसवली. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलं नाही, आणि इतकं सांभाळूनही केलं नाही. शेवटच्या पानांना एकेक करून नवी पट्टी जोडली, पातळ कागदाची, कापलेल्या जागी. मुलगा छापलेलं नाव वाचायचा, जावई डोळे मिटून समासातलं सांगायचा, मुलगा पेन्सिलीने पट्टीवर उतरवायचा आणि मग मला मराठीत सांगायचा. मी तसं म्हटलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने आपणहून सांगितलं, आणि मग रोज.

सूप चांगलं करायचा, मीठ विसरायचा. बहिणीने न्यूमोनिया छापलं, खोटं आहे. तिघांनी पाळीपाळीने पाय चेपले. आई आली, पण दारातच उभी राहिली, आत आली नाही. ह्याचं मांजर आमच्याकडे आहे.

मी दर वेळी विचारायचो, “आणि बाप?”

मुलगा इंग्रजीत विचारायचा. जावई मान हलवायचा, नाही. एकाचा बाप आला होता, खाली गाडीत बसून राहिला, वर चढला नाही. असे वीस-पंचवीस झाल्यावर मी विचारणं सोडून दिलं.

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी मुलगा म्हणाला, “बाबा, शेवटचा खंड आधी घेऊ या का? त्याचा माणूस त्यात आहे. त्याच्या नावासमोर ह्याने स्वतः लिहिलं होतं.”

मी म्हणालो, “क्रमाने जायचं. एक पान मागेपुढे झालं की सगळं बिघडतं.”

“बाबा, त्याला किती दिवस आहेत ते—”

“क्रमाने.”

मुलाने जावयाला विचारलं. जावई म्हणाला, नंतर. त्याला त्या पानाची भीती वाटत असावी. पण मी हट्ट धरला नसता तर मुलाने त्याला तयार केलं असतं, हे मला माहीत आहे.

तीन खंड नीट झाले. चौथ्यात त्याचे शब्द अडकायला लागले. एकाचं दुसऱ्याला लावायचा. सूप आणि मीठ तिघांना सांगितलं. पाचव्यात एका पानाला एक दुपार लागायची. एकदा जावई झोपल्यावर मुलगा माझ्याकडे येऊन बसला. “अंदाजाने लिहू का काही? त्याला बरं वाटेल.”

“नको. जे त्याला आठवत नाही ते तू लिहायचं नाहीस.”

“मग?”

“कोरं राहू दे.”

फेब्रुवारी संपता संपता सहावा खंड उघडला. पट्टी मी आदल्या दिवशीच जोडून, घोटून ठेवली होती. मुलाने त्या पहिल्या जोडीदाराचं नाव वाचलं. जावयाने ऐकलं. मुलाने पुन्हा वाचलं, मोठ्याने, मग नुसतं पहिलं नाव. जावयाने पट्टीवर हात ठेवला आणि मला करताना पाहिलं होतं तशी ती अंगठ्याने घोटत राहिला. ओळखीचं काही त्याच्या तोंडावर आलं नाही. बराच वेळ घोटून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, “बाबा, पुरे?”

मुलगा उठून बाथरूममध्ये गेला आणि आतून नळ सोडला.

मी त्या हातावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणालो, “पुरे.”

मार्चमध्ये तो गेला, बर्फ वितळायच्या आधी. मी पुण्याला भावाला फोन लावला. म्हणालो, “जावई गेला.”

“कुठला जावई? तुला मुलगी कुठाय?”

“मुलगा आहे ना. त्याचा नवरा गेला.”

भाऊ म्हणाला, “दादा, लाइन खराब आहे. नीट ऐकू येत नाहीये.” मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, जोरात. फोन बंद झाला. नंतर त्याने केला नाही, मीही केला नाही.

मे महिन्यात संग्रहालयाची बाई आली. तिशीची असेल. मुलाने तिला सगळं खरं सांगितलं, माझ्यादेखत. तिने आधी त्या सात पट्ट्या पाहिल्या, प्लास्टिकच्या पाकिटात एकेक वेगळी घातली. मग मुलाच्या अक्षरातली पानं. सहाव्या खंडाशी आली आणि कोऱ्या पट्ट्यांवर बोट ठेवून मुलाला काहीतरी विचारलं.

मुलगा म्हणाला, “ती विचारतेय, ह्या कोऱ्या पट्ट्या नंतर लावलेल्या आहेत, काढून टाकू का? म्हणजे पान जसं उरलं तसं राहील.”

“काढायच्या नाहीत. कापायच्याही नाहीत. तिला सांग.”

त्याने सांगितलं. तिने मान डोलावली, मग वही काढली. यादीत त्या पानांपुढे काय लिहायचं, असं विचारत होती.

मी म्हणालो, “लिही म्हणावं, इथे लिहिलेलं होतं. बाइंडरने कापलं.”

“बाबा, असंच नको. आपण लिहू, पानांचं नुकसान झालं.”

“नुकसान आपोआप होत नसतं. मी सांगितलं तेच लिहायला सांग.”

तिने लिहिलं. मग मान वर करून माझ्याकडे बघत विचारलं, आणि ह्या वेळी मुलाने मराठीत करायच्या आधी मला कळलं. ती बाइंडरचं नाव विचारत होती.

आमच्या धंद्यात पुस्तकावर बाइंडर नाव घालत नाही. लिहिणाऱ्याचं असतं, छापणाऱ्याचं असतं, आमचं नाही. मुलगा सांगायला लागला तसं मी त्याला थांबवलं, आणि तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली. सहावा खंड माझ्याकडे ओढला. ज्या नावासमोर जावयाला काही आठवलं नाही, त्या पट्टीला हात लावला नाही. अगदी मागचं कोरं पान काढलं आणि त्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, मराठीत, एकेक अक्षर जोडून. ओळ थोडी तिरकी गेली.

बाईने ते वाचायचा प्रयत्न केला. मुलाला विचारलं, हे काय लिहिलंय?

मुलाने तिला वाचून दाखवलं.

ती कागद सुटेच घेऊन गेली. संग्रहालयात पुठ्ठे लागत नाहीत. जीन्सचे सहाही पुठ्ठे बेसमेंटमध्ये फळीवर आहेत, रिकामे.